‘असेसमेंट’ म्हणजे मूल्यमापन की मूल्यांकन? पॅलिएटिव्ह केअरच्या वर्गातले काही अडलेले शब्द

शब्दखूण : पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या काळजीच्या, एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं मराठी करते आहे. वर्गात डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ते, फिजिओथेरपिस्ट आणि घरभेटींना जाणारे स्वयंसेवक एकत्र बसणार आहेत. शेवटच्या प्रकरणाचं शीर्षक आहे ‘असेसिंग लर्नर्स इन इंटरडिसिप्लिनरी पॅलिएटिव्ह केअर एज्युकेशन’. माझा कच्चा खर्डा असा : ‘आंतरविद्याशाखीय उपशामक काळजी शिक्षणातील अध्ययनार्थींचे मूल्यांकन’. मोठ्यानं वाचताना मलाच धाप लागली. ‘असेसमेंट’ला नेमकं काय म्हणू? बाकीच्या शब्दांवरही हात चालवलात तर बरं.

खडूफळा : मूल्यांकन नको. तो शब्द मालमत्तेला, कंपनीला किंवा महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’च्या समितीला शोभतो. माणूस काय शिकला हे बघायचं तर मूल्यमापन. आम्हा मास्तरांकडे एक जोडी तयारच आहे. २०१० पासून राज्यातल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हे शब्द शिक्षकांच्या तोंडात बसले आहेत. रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प हे आकारिक. सत्राअखेरची परीक्षा संकलित. सुरुवातीला नावं ठेवली होती आम्ही त्या ‘आकारिक’ला, पण शब्द चांगला आहे. शिकणारा अजून घडतोय, आकार घेतोय, हे त्यात आलं. ‘अध्ययनार्थी’ मात्र बी.एड.च्या नोट्समध्येच राहू द्या.

शब्दखूण : मग ‘विद्यार्थी’? वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरला विद्यार्थिनी म्हणायचं जिवावर येतं.

खडूफळा : प्रशिक्षणार्थी. किंवा सरळ ‘शिकणारे’.

वॉर्डसिस्टर : ताई, मी नर्सिंग शिकवते आणि होमकेअरलाही जाते, म्हणून जरा लांबण लावते. शब्द कोणताही घ्या, आधी मूल्यमापन कशाचं हे ठरवा. आरोग्य क्षेत्रातल्या एकत्र शिक्षणाची एक व्याख्या जगभर चालते, जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१० मध्ये ती घेतली. तिचा गाभा असा की, दोन किंवा अधिक व्यवसायांचे लोक एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात. सगळी मेख विषयी, कडून आणि सोबत या तीन शब्दांत आहे. आपल्या बहुतेक परीक्षा फक्त ‘सोबत’ तपासतात. पाच जण एका खोलीत बसले, हजेरी लागली, झालं.

‘विषयी’ तपासायचं तर डॉक्टरला विचारा, समाजकार्यकर्ती नेमकं काय करते? निम्मे ‘कागदपत्रं’ म्हणून थांबतात. ‘कडून’ सगळ्यात अवघड. आम्ही असा प्रसंग देतो : रुग्ण वेदना दहापैकी आठ सांगतो, मॉर्फिनचा डोस वाढवला तरी आठच. रात्री झोप नाही. मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर आहे, हे त्यानं फक्त स्वयंसेवकाला सांगितलंय. आता डॉक्टर प्रशिक्षणार्थी आणखी डोस वाढवतो की टीमला विचारतो? आणि स्वयंसेवक आपणहून तोंड उघडतो का? गुण तिथे आहेत. मॉर्फिननं बद्धकोष्ठता होते, तर सोबत तिचं औषध लिहिलं का, हेही बघतोच, पण ते लेखी पेपरातही कळतं.

सिसिली साँडर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजकार्यकर्त्या आणि नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरीला आलेल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, त्यांनीच सुरू केली. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी ‘संपूर्ण वेदना’ त्यांनी मांडली. एका माणसानं तिन्ही गणवेश घातलेले. आपल्याला ते तीन-चार माणसांत मिळून करायचंय, म्हणून मूल्यमापन टीमचंही हवं.

नुसताचवाचक : टीमला गुण दिले की कामचुकारही पास होतो. कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

वॉर्डसिस्टर : होतं खरं. उलटंही होतं : जो जास्त बोलतो त्याला ‘नेतृत्वा’चे गुण, आणि बोलणारा बहुधा डॉक्टर असतो. नर्स ‘हो सर’ म्हणून गप्प. म्हणून एकट्याचं वेगळं आणि टीमचं वेगळं, असे दोन रकाने ठेवा. शिवाय सोबत काम केलेल्यांनी एकमेकांबद्दल लिहायचं, रुग्णाच्या घरच्यांचंही मत घ्यायचं. याला मराठीत काय म्हणाल?

खडूफळा : चहूबाजूंचा अभिप्राय.

वॉर्डसिस्टर : घेतला!

कोशकिडा : मिलरचा पिरॅमिड, म्हणजे शिकणारा कुठवर पोचला हे दाखवणाऱ्या चार पायऱ्या, पुस्तिकेत असेलच. अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडला. त्याचं ‘ज्ञान, सक्षमता, कामगिरी, कृती’ असं नामांनी भाषांतर करू नका. मूळ क्रियापदांत आहे आणि मराठी क्रियापदांतच खुलते : ठाऊक आहे; कसं करायचं ते ठाऊक आहे; करून दाखवतो; करतो. तिसऱ्या पायरीसाठी ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणजे ठरावीक वेळाची एकेक स्टेशनं, ही स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली पद्धत. ‘ऑस्की’ तसंच ठेवा, वैद्यकीय महाविद्यालयांत तोच शब्द आहे. चौथी पायरी मात्र घरभेटीलाच दिसेल.

‘पॅलिएटिव्ह’बद्दल : ‘उपशामक’ कोशात आहे, पण घरी गेल्यावर कोणी म्हणत नाही. शब्दाचं मूळ लॅटिन ‘पॅलिअम’, म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, त्यावरून ‘पांघरूण’ सुचेल, पण आपल्याकडे पांघरूण गुन्ह्यावर घालतात. ‘परिहार’ घ्यावा तर श्रमपरिहाराचा चहा-बटाटेवडा आठवतो. मॉन्ट्रिअलच्या बाल्फोर माउंट यांनी १९७० च्या दशकात ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव रूढ केलं, तेही ‘हॉस्पिस’ शब्द तिथल्या फ्रेंच कानांना खटकत होता म्हणून. तेव्हा शब्दाची ही अडचण मराठीतच आहे असं नाही. माझं मत : ‘पॅलिएटिव्ह केअर’ ठेवा, पहिल्या पानावर एका वाक्यात उलगडून सांगा.

शब्दखूण : पटलं. आणखी एक. ‘वाईट बातमी सांगणे’ या स्टेशनवर ‘कोल्यूजन’ आहे. मी ‘संगनमत’ लिहिलंय.

वॉर्डसिस्टर : नको हो! ते एफआयआरमधलं. आमच्याकडे मुलगा दाराबाहेर गाठतो, “बाबांना सांगू नका, ते खचतील.” आत बाबा म्हणतात, “पोराला कळू देऊ नका, मला सगळं माहीत आहे.” त्यात गुन्हा कुठे? ‘परस्परांपासून लपवणं’ म्हणा. या स्टेशनवर इंग्रजी तपासयादी जशीच्या तशी लावू नका. रुग्णाला किती जाणून घ्यायचंय हे विचारलं का, याला गुण आहेतच. पण मुलाला न दुखावता त्याचा हात धरून आत नेलं का, यालाही हवेत. हे काम समाजकार्यकर्तीला डॉक्टरपेक्षा चांगलं जमताना मी बघितलंय.

कोशकिडा : ‘आंतरविद्याशाखीय’ राहिलं. नव्या शैक्षणिक धोरणानं तो घराघरांत नेला, पण स्वयंसेवकाला कुठली आलीय विद्याशाखा? ‘आंतरव्यावसायिक’ म्हटलं तर दुकानदारीचा वास येतो.

शब्दखूण : तर मग : ‘पॅलिएटिव्ह केअर : एकत्र शिकणाऱ्यांचं मूल्यमापन’. आत दोन भाग, आकारिक आणि संकलित. चालेल?

खडूफळा : चालेल. फक्त चहूबाजूंच्या अभिप्रायाला गुण ठेवू नका, तो आकारिकमध्येच घ्या. गुण आले की लोक एकमेकांना दहापैकी दहा देतात.