रिपोर्टमधला विषाणू आणि आपली विहीर

शिल्पा, बी-२०३ (सकाळी ८:१२)
नमस्कार सगळ्यांना. ह्यांच्या पोटाची तपासणी ऑनलाइन किट मागवून केली होती, काल रिपोर्ट आला. त्यात लिहिलंय की आतड्यात 'क्रॅसफाज' नावाचा विषाणू भरपूर आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्यात छोटूला कालपासून जुलाब. आठवड्यावर चवथ आली, घर माणसांनी भरणार. कुणाला माहीत आहे का हे काय असतं?

नाईक काका, ए-३०१ (८:१९)
शिल्पा, उगाच वाट बघू नको. मागच्या खेपेच्या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या माझ्याकडे उरल्या आहेत. पाठवतो, दोघांनाही दे.

टीचर, ए-१०४ (८:२४)
काका, हात जोडते, गोळ्या पाठवू नका. छोट्या मुलाला तर मुळीच नको. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाहीत, पोटातले चांगले जिवाणू मात्र मरतात. त्या पट्टीवर लाल रेघ आहे बघा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एवढंच सांगायला ती छापलेली असते.
शिल्पा, छोटू लघवीला जातोय ना? पाणी पितोय? ओआरएस घोट घोट देत राहा, उकड्या तांदळाची पेज दे. रक्त पडलं, ताप चढला किंवा मलूल वाटला तर तडक डॉक्टरकडे ने. रिपोर्टचं सांगते, आधी आंघोळ उरकते.

शिल्पा, बी-२०३ (८:२६)
लघवी होतेय टीचर. खेळतोय पण.

टीचर, ए-१०४ (९:०५)
बरं. आता नीट वाच. हा विषाणू तुझ्या नवऱ्याला झालेला नाही. तो झालाय त्यांच्या पोटातल्या जिवाणूंना. जिवाणूंनाही विषाणू लागतात, त्यांना बॅक्टेरिओफाज म्हणतात, तोंडी नुसतं फाज. फाज जिवाणूच्या अंगावरच्या ठराविक रेणूलाच चिकटतो आणि आपलं जनुकद्रव्य आत सोडतो. आपल्या पेशींच्या वाटेला तो जात नाही.
कॉलेजात मी मुलांना हे डोळ्यांनी दाखवायचे. काचेच्या बशीत ई. कोलाय जिवाणूंचा थर दुधाच्या सायीसारखा वाढलेला असतो. सांडपाणी बारीक गाळणीतून गाळून त्यातलं थोडं त्या जिवाणूंबरोबर मिसळायचं. दुसऱ्या दिवशी त्या सायीत टाचणीच्या डोक्याएवढी आरपार स्वच्छ भोकं दिसतात. तेवढ्या जागेतले जिवाणू फाजांनी फोडलेले असतात. तीस वर्षं शिकवलं, तरी दर वर्षी ती बशी उजेडात धरताना हात थबकायचा.
क्रॅसफाज तर २०१४ साली सापडला, तोही सूक्ष्मदर्शकात नव्हे. बारा माणसांच्या शौचाच्या नमुन्यांतले डीएनएचे तुकडे संगणकावर जुळवताना एक अख्खा अनोळखी विषाणू जुळून आला. डीएनएच्या सुमारे ९७ हजार अक्षरांचा. मग जुनी माहिती उपसली तर निम्म्याहून अधिक माणसांच्या नमुन्यांत तो होताच. तो राहतो बॅक्टेरॉइडिस नावाच्या जिवाणूंमध्ये, आणि ते आपल्या मोठ्या आतड्यातले जुने रहिवासी. प्रयोगशाळेत त्याच्या जातीतला एक पहिल्यांदा वाढवता आला तो २०१८ साली, आयर्लंडमध्ये. आजवर कुठल्याही आजाराशी त्याचा ठाम संबंध लागलेला नाही.

रोहन, सी-४०२ (९:१४)
टीचर, म्हणजे फाज सगळे आपल्या फायद्याचे?

टीचर, ए-१०४ (९:२१)
नाही रे. काही फाज जिवाणूला मारत नाहीत, त्याच्या डीएनएत जाऊन बसतात आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच राहतात. घटसर्पाचं विष बनवणारं जनुक असंच फाजाने आणलेलं. पटकीचंसुद्धा, ते १९९६ मध्ये कळलं. फाज नसेल तर तोच जिवाणू पुष्कळ निरुपद्रवी.

रोहन, सी-४०२ (९:२३)
आणि अँटिबायोटिक चालत नाही तिथे फाज देतात म्हणे?

टीचर, ए-१०४ (९:२९)
देतात. फाज हे नाव देणाऱ्या द'एरेलने पॅरिसमध्ये १९१७ सालीच हगवणीच्या जिवाणूंवरचा फाज जाहीर केला होता, पुढे पटकीवर तो आपल्या देशातही काम करून गेला. जॉर्जियात तिबिलिसीला हे उपचार आजही चालतात. २०१६ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोचे एक प्राध्यापक औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूने मरणाच्या दारात होते, ते फाजांनी वाचले. पण त्यांच्याच जिवाणूला लागू पडणारे फाज शोधून दिले होते. नेटवरून बाटली मागवण्याचं हे काम नव्हे.

शिल्पा, बी-२०३ (९:३३)
टीचर, रडूच आलं वाचून. ह्यांना वेगळं ताट-वाटी दिली होती रात्री.

टीचर, ए-१०४ (९:३६)
ताट एकत्र कर बाय.
पण आता माझी खरी काळजी सांगते, सेक्रेटरींनी नीट वाचावं. हा क्रॅसफाज माणसाच्या शौचातून बाहेर पडतो, गुरांच्या शेणात तो फारसा नसतो. म्हणून नदीत, समुद्रात माणसांचं सांडपाणी मिसळलंय का हे ओळखायला शास्त्रज्ञ मुद्दाम तोच शोधतात. पोटात असला तर चिंता नाही. विहिरीत असला तर आपला सेप्टिक टँक विहिरीत उतरतोय.
इथे पर्वरीला खाली सगळा चिरा. सच्छिद्र दगड, पाणी पाझरायला वेळ लागत नाही, आणि पावसात विहिरीचं पाणी हाताशी येतं. आपला सोक पिट, म्हणजे सेप्टिक टँकचं पाणी जिरवायचा खड्डा, विहिरीच्या किती जवळ आहे, कुणी मोजलंय? छोटूला जुलाब, परवा सी विंगमध्येही दोन मुलं आजारी होती.

मारिया आंटी, सी-१०१ (९:४१)
खरं आहे. माझा नातू त्यातलाच. आम्ही नळाला पाणी नसलं की विहिरीचंच वापरतो, भाजी धुवायला, दात घासायला.

सेक्रेटरी (९:४८)
टीचर, क्रॅसफाजाची चाचणी इथे होईल?

टीचर, ए-१०४ (९:५२)
त्याची गरज नाही. कोलिफॉर्म आणि ई. कोलाय या, पाण्यात घाण मिसळल्याची खूण देणाऱ्या जिवाणूंची साधी तपासणी पुरते. बाटली निर्जंतुक हवी, ती लॅबमधूनच आणा. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, आणि क्लोरिन टाकायच्या आधी घ्या. तोवर विहिरीचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका. पिण्याचं पाणी खळाखळा उकळा.

नाईक काका, ए-३०१ (९:५५)
टीचर, चुकलं माझं. गोळ्या पाठवत नाही. माझ्याकडे तीस मीटरची टेप आहे, खाली येतो. रोहन, तू पण ये, सोक पिटवरचं झाकण जड आहे.

सेक्रेटरी (१०:४०)
सोक पिटच्या कडेपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत साडेआठ मीटर. पंपाचा स्विच काढून ठेवला आहे. बाटली आणायला मी निघालो.

शिल्पा, बी-२०३ (१०:४४)
छोटूनं वाटीभर पेज खाल्ली.