मदत हवी आहे: शनिवारी संध्याकाळी नागपूरच्या आकाशात दिसलं ते नेमकं काय?

सावजी शाकाहारी
१७ फेब्रुवारी २०२५, दुपारी

नमस्कार मंडळी. आकाशातलं कळणारं इथे कोणी असेल तर हात जोडून विनंती, जरा वाचा. गोंधळ मीच घातलाय, निस्तरायचाही मलाच आहे.

आम्ही मानेवाड्याला राहतो. शनिवारी संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले, साडेसहा-पावणेसात झाले असतील. पश्चिमेला, आमच्याकडून सोनेगाव विमानतळाच्या बाजूला, एक पांढराशुभ्र दिवा. समोरून येणाऱ्या विमानाचा दिसतो ना, तसाच. फक्त विमान काही येईना. दहा मिनिटं झाली तरी तिथेच. लेकाने मोबाईलवर होता नव्हता तेवढा झूम करून व्हिडिओ काढला. त्यात तर बांगडीसारखी कडा, आत काहीतरी सळसळतंय, मधूनच हिरवी-जांभळी झाक. अंगावर काटा आला.

व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आणखी कोणाला दिसतंय का?"

सगळ्यांनाच दिसलं! बी विंगच्या काकूंना दिव्यांची रांग सरकताना दिसली. उमरेडच्या मामांकडे धडाम आवाज झाला, खिडक्या थरथरल्या. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, २०३२ मध्ये आदळणार म्हणतात तो लघुग्रह हाच. (सात वर्षं आधी कशाला येईल, हे विचारायची सोय नाही, काका रागावतात.) रविवार सकाळपर्यंत गोष्ट पक्की झाली: मोठं यान आलं, त्यातून छोटी यानं रांगेने निघाली आणि त्यातलं एक उमरेडकडे कोसळलं. आता एका व्हिडिओ पेजने माझाच व्हिडिओ भोंग्याच्या संगीतासकट फिरवलाय, "नागपुरावर उडती तबकडी?" म्हणून. मला कोणी विचारलंही नाही.

हसण्यावारी नेलं असतं, पण आई सध्या माझ्याकडे आहे आणि तिचं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचं. २०२२ चा पाडवा तिने तिथे काढलाय. ती पोराला अंधार पडला की गच्चीवर जाऊ देत नाही, आणि तिला "काही नसतं गं" म्हणायला माझं तोंड धजत नाही, कारण तेव्हा तिथे आभाळातून धातूचे तुकडे खरंच पडले होते. तर हे काय होतं? आणि आईला सांगू काय?

संत्राबर्फी
व्हिडिओ पाहिला. ताई, ते जेलीफिश आहे. 😄
मस्करी सोडा, आमच्या प्रतापनगरातही लोक गच्चीवर जाऊन राहिले काल. कोणी म्हणे ड्रोन, कोणी म्हणे मिसाईल. मले तर काहीच नाही दिसलं बाप्पा.

उडत्या पाखरा
एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. १५ फेब्रुवारी! २०१३ साली याच तारखेला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली होती, दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले. योगायोग?

मूठभर आकाश
हो, योगायोग. पण आठवण काढलीतच तर त्यातलं कामाचं तेवढं घेऊ. तिथे उजेड पाहून लोक खिडकीशी गेले, आणि धक्का मिनिट-दोन मिनिटांनी पोचला. जखमा बहुतेक फुटलेल्या काचांच्या. उजेड आधी आणि आवाज मागून, पण तोही काही मिनिटांतच. म्हणून ताई, उमरेडचा आवाज नेमका किती वाजताचा, हे मामांना विचारा. "तू दिवा पाहिलास तेव्हाच का?" असं विचारू नका, ते हो म्हणतील. नुसतं "किती वाजता झाला?" विचारा.

काकूंनाही तसंच. वेळ, दिशा, रांग किती वेळ दिसली, कुठून कुठे गेली. फोनवर, एकटीला, ग्रुपवर नको.

आणि तुमच्यासाठी: आज सूर्य मावळल्यावर त्याच जागी उभ्या राहा. हात पूर्ण लांब करून मूठ धरा, एक मूठ साधारण १० अंश. सातच्या सुमारास तुमचा दिवा क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते सांगा. तो असेलच, म्हणून "आहे का" असं विचारत नाही.

सावजी शाकाहारी
असेलच म्हणजे? मला आता जास्त भीती वाटतेय.

गच्चीवरचे आजोबा
घाबरू नकोस बेटा. शुक्र आहे तो. आमच्या लहानपणी दिवाबत्ती करताना आजी त्याच्याकडे बोट दाखवायची. या आठवड्यात तो यंदाच्या संध्याकाळच्या फेरीतला सगळ्यात तेजस्वी दिसतोय. पौर्णिमा बुधवारी झाली, त्यामुळे शनिवारी चंद्र उगवायला बराच उशीर होता. आभाळ काळं, त्यात हा एकटा लखलखीत.

सावजी शाकाहारी
आजोबा, शुक्र मी पाहिलाय हो. तो चांदणीसारखा दिसतो. याला कडा होती, आत हालचाल होती.

मूठभर आकाश
कडा मोबाईलने घातली. अंधारात एकट्या ठिपक्यावर फोनला फोकस जमत नाही, मग ठिपका फुगून थाळी होते आणि झूम ती थाळी आणखी मोठी करतो. सळसळ हवेची, तव्यावरून पलीकडचं हलताना दिसतं तशी. रंगही त्यातलेच. तुमच्याच व्हिडिओत १४ व्या सेकंदाला फोकस क्षणभर जमतो. तिथे थांबवा, साधा ठिपका आहे. पेजवाल्यांनी नेमका तेवढाच तुकडा कापलाय, हेही बघा. (तिथे माझं डोकं सटकलं.)

संत्राबर्फी
कापला?? हे लोक असेच करून राहिले नेहमी.

सावजी शाकाहारी
१७ फेब्रुवारी, रात्री

अपडेट देते. सात वाजता तीन मुठींपेक्षा किंचित कमी होता, बरोबर पश्चिमेला. आठला दीड मुठीच्या आसपास आला. नऊच्या आसपास समोरच्या टाकीमागे पिवळट होत मावळला. लेक सोबत होता, आई दारात उभी राहून बघत होती.

आता मामा. नुसतं "किती वाजता" विचारलं तर म्हणाले, "दुपारी, जेवून पडलो होतो, दोन-अडीच." मी म्हटलं मग तुम्ही ग्रुपवर तसं लिहिलं का नाही? म्हणाले, "कोणी विचारलंच नाही." उमरेडला कोळशाच्या उघड्या खाणी आहेत, ब्लास्टिंगचा आवाज ते जन्मभर ऐकतायत. शनिवारचा जरा मोठा होता एवढंच. उमरेडकडे पडलेलं यान मामींनी आपल्या मनाने जोडलं, मामा त्यात नव्हतेच!

काकूंचं मात्र कोडं आहे. दिवे पश्चिमेला नव्हतेच, उत्तरेकडून डोक्यावर आले. वेळ सातच्या पुढे, टीव्हीवर मालिका सुरू होण्याआधी. वीस-बावीस दिवे, एकाच वेगाने, एकामागे एक, दोन-तीन मिनिटं. आणि पूर्वेकडे जाता जाता एकेक करून विझले, कोणी बटण दाबल्यासारखे.

मूठभर आकाश
काकूंना शंभरपैकी शंभर. असं बघणारं माणूस मिळत नाही. ती बहुधा स्टारलिंकची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची माळ. एका रॉकेटमधून वीसेक उपग्रह सोडतात, पहिले काही दिवस ते जवळजवळ चालतात, नंतर पांगून वर जातात. त्यांना स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तीन-चारशे किलोमीटर वर ऊन असतं, तेच त्यांच्यावर चमकतं. पूर्वेकडे सरकता सरकता ते पृथ्वीच्या सावलीत शिरले. ओळीने शिरले, म्हणून ओळीने विझले. नेमकी कुठली खेप, ते काकूंना मिनिट आठवलं तर काढता येईल.

खालच्या काकांना सांगा, २०२४ वायआर४ नावाचा तो लघुग्रह डिसेंबरात पृथ्वीजवळून गेला आणि आता लांब चाललाय. तो बघायला मोठ्या दुर्बिणीच लागतात.

उडत्या पाखरा
म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी. शुक्र, उपग्रह आणि खाणीचा स्फोट. आणि आपण त्यांचं एक यान केलं.

सावजी शाकाहारी
मी केलं. "आणखी कोणाला दिसतंय का" लिहून. पण आईचं काय? सिंदेवाहीचं तर खोटं नव्हतं.

गच्चीवरचे आजोबा
अजिबात नव्हतं. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ, आठच्या सुमारास. मी इथून नागपुरातून पाहिलं. जळते तुकडे, मागे शेपट्या, इकडून तिकडे सावकाश गेले. उल्का अशी रेंगाळत नाही, तिचा खेळ दोन-चार सेकंदांचा. सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, पवनपारला गोळा सापडला. इस्रोची माणसं येऊन बघून गेली. अवकाशातल्या कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्यांनी ते चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असल्याचं सांगितलं. सुदैवाने कोणाला लागलं नाही.

आईला एवढंच सांग, पडणारी वस्तू आभाळात थांबत नाही. कक्षेतून येते तेव्हा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेग असतो. तास-दोन तास एका जागी दिसून सावकाश पश्चिमेला उतरतं ते पडत नसतं, मावळत असतं. आणि शंका राहिलीच तर गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्रात घेऊन जा दोघांना. तारांगण आहे तिथे, पोरगंही खूश होईल.

सावजी शाकाहारी
१८ फेब्रुवारी

आजोबा, तुमचं वाक्य आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाडव्याला ते पळत होतं. हे पळत नाही, हे मलाही दिसत होतं. पण तूच घाबरली होतीस, म्हणून मी घाबरले."

सोसायटीच्या ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं. तीन अंगठे आले. काकांनी उत्तर दिलंय, "शुक्र होता तर मग लपवत का होते?" कोण लपवत होतं, ते काही त्यांनी लिहिलेलं नाही.

पेजवाल्यांना व्हिडिओ काढा म्हणून निरोप पाठवलाय, अजून वाचलेला नाही. त्याबाबत कोणाला अनुभव असेल तर सांगा, नाहीतर धागा बंद करायला हरकत नाही. काकूंना मिनिट आठवलंय: सात वाजून बावीस.