मराठी हस्ताक्षर ओळखणारं ॲप सुचवा (अण्णांसाठी, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमचे अण्णा, वय 78. गेली चाळीसेक वर्षं वर्तमानपत्रांत वाचकांची पत्रं लिहितात. आधी पोस्टकार्डावर लिहायचे, मग आंतर्देशीयावर. आता सगळीकडून एकच उत्तर येतं, 'युनिकोडमध्ये टाइप करून मेल करा'. कीबोर्डशी त्यांचं सूत जुळत नाही. बोलून टाइप करायचाही प्रयोग झाला, पण मजकूर सांगता सांगता ते आईला "अगं, चहा टाकलास का" विचारतात आणि तेही संपादकांना जातं.

म्हणून दहा इंची अँड्रॉइड टॅब आणि रबरी टोकाचं साधं पेन आणून दिलं. दोन ॲप वापरून पाहिली. नावं घेत नाही, कारण चूक ॲपची की अण्णांच्या अक्षराची हेच अजून ठरायचंय. दोन्हींना एकच वाक्य दिलं: 'तऱ्हेवाईक कुळकर्णी ऑफिसातून सुटले की सुऱ्या, विळ्या नि ॲल्युमिनियमची पातेली बघत बाजारात हिंडतात.' पहिल्याने 'सुऱ्या'चं 'सुन्या' केलं आणि कुळकर्ण्यांचा ळ खाल्ला. दुसऱ्याला ळ कळला, पण अण्णांचा जुन्या वळणाचा ख त्याला झेपेना. खाणं लिहिलं की 'रवाणं'.

खरी अडचण पुढेच आहे. अण्णा आधी ओळभर अक्षरं लिहितात, मग मागे येऊन वेलांट्या, मात्रा, अनुस्वार देतात आणि शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शिरोरेघ ओढतात. ॲपला एवढा धीर कुठला! हात क्षणभर थांबला की ते शब्द संपला समजतं, आणि मागाहून आलेल्या रेघेचा डॅश होतो.

मी स्वतः 2001 च्या सुमारास पाम हा खिशातला छोटा संगणक वापरायचो. त्यातल्या ग्राफिटी नावाच्या लेखनपद्धतीत इंग्रजी ए मधली आडवी रेघ गाळून काढायचा, अक्षरं डाव्या चौकोनात, आकडे उजव्या. यंत्राचं वळण आपण शिकायचं असा तो सौदा होता आणि आठवड्याभरात हात बसायचा. त्याआधी 1993 मध्ये ॲपलच्या न्यूटन या हातात मावणाऱ्या संगणकाने माणसाचं वळण वाचायचं मनावर घेतलं होतं, त्याची तेव्हा चांगलीच टिंगल झाली. पण 78 व्या वर्षी अण्णांना वळण बदला म्हणून सांगणार कोण? मी तर नाही.

तर, ओळ पुरी होईपर्यंत गप्प बसेल असं काही आहे का? आयपॅडवर स्क्रिबल (पेनने लिहिलेलं टाइप करून देणारी सोय) 2020 मध्ये आलं तेव्हा इंग्रजी आणि चिनीच होतं. मराठीसाठी आयपॅडवर कुणी काय वापरतंय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद 1

गूगलने 2015 मध्ये हस्तलेखनाचं वेगळं ॲप काढलं होतं, 82 भाषांचं. आता ती सोय जीबोर्डमध्येच (गूगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये) आहे. भाषांमध्ये मराठी घ्या आणि कीबोर्डच्या प्रकारात हस्तलेखन निवडा. हिंदी चालू असेल तर आधी काढून टाका. ही सॉफ्टवेअरं नुसता आकार बघत नाहीत, त्या भाषेत कुठला शब्द संभवतो याचाही अंदाज बांधतात. हिंदीत ळ नाही, सुऱ्याही नाहीत, मग ती बिचारी सुन्याकडेच जाणार.

प्रतिसाद 2

वरच्यांशी सहमत. शिवाय टॅबवर लिहिताना यंत्राला नुसतं चित्र दिसत नाही. पेन कुठे टेकलं, कुठल्या दिशेने गेलं, कधी उचललं हे सगळं क्रमाने मिळतं, आणि अक्षर ओळखायला तो क्रम फार उपयोगी पडतो. अण्णा नेमका तोच मोडतात. त्यांना शिरोरेघ गाळायला सांगून बघा, बहुतेक वेळा अक्षर कळतं. नाहीतर सरळ कागदावर लिहू द्या आणि गूगल लेन्सने फोटो काढा, ते फोटोतला मजकूर वाचतं. तिथे क्रमाचा प्रश्नच नाही. पण मग क्रमाची मदतही नाही, तेव्हा अक्षर सुवाच्य हवं.

अवांतर: मोडीत पानभर रेघा आधी आखून मग खाली अक्षरं लिहायचे. अण्णांना मोडी शिकवा, डॅशचा प्रश्न मिटेल :)

प्रतिसाद 3

पेन बदला हो! रबरी टोक म्हणजे टॅबच्या दृष्टीने बोटच. तळवा टेकला तरी त्याला स्पर्शच वाटतो आणि मध्येच रेघ उमटते. म्हाताऱ्या माणसाला हात अधांतरी धरून पानभर लिहिणं शक्य नाही. टॅबसोबत येणारं त्याचं स्वतःचं पेन असेल तर तळवा वेगळा ओळखला जातो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. हिंदी काढून टाकली, ळ परत आला. रेघ गाळायला अण्णांचा साफ नकार, "मग अक्षरं लटकायची कशाला?" बऱ्याच वाटाघाटींनंतर ओळीऐवजी शब्दागणिक रेघ द्यायला तयार झालेत, त्यामुळे डॅश बरेच कमी झाले. 'सुऱ्या' पाचदा लिहून घेतलं. तीनदा सुऱ्या, दोनदा सुन्या.

तळव्याचं मात्र अगदी खरं आहे. काल बघितलं, मनगट उचलून धरल्यामुळे चौथ्या ओळीपासून अक्षर हलायला लागतं. तेव्हा आता पेनच. दहा इंची टॅब, सोबत स्वतःचं पेन, पंचवीस हजारांच्या आत कुणी अलीकडे घेतलाय का?