आजोळची पिवळी शेवंती आणि नर्सरीतली जांभळी: संकर कसा करायचा?

सई_नाशिक

नमस्कार मंडळी. शेवंतीचा संकर घरच्या घरी कोणी केलाय का?

माझ्या गच्चीवर दोन शेवंत्या आहेत. एक आजोळची, संगमनेरजवळच्या खेड्यातून आणलेली पिवळी. फूल लहान, जेमतेम दीड इंचाचं, पाकळ्यांच्या दोन-तीनच रांगा आणि मधली तबकडी उघडी. पण वास असा की पान चुरगळलं तरी बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो. दुसरी नर्सरीतली जांभळी. गच्च भरलेली, महिनाभर झाडावर टिकते, पण नाकाशी धरली तरी वासाचं नाव नाही. उलट पिवळीचं फूल तोडलं की दुसऱ्या दिवशी मान टाकतं, वेणीत गुंफायला नको वाटतं.

मला या दोघींची लेक हवी आहे. भरदार, टिकाऊ आणि वासाची. रंग कोणताही चालेल.

अडचण अशी की जांभळीत मला पराग कुठे दिसतच नाहीत. मग आई कोण आणि बाप कोण? शेवंतीला मुळात बी धरतं का? आमच्याकडे ती कायम काश्यांवरच, म्हणजे बुडातून फुटणाऱ्या कोंबांवरच, वाढलेली पाहिली, बी पेरलेलं कधी पाहिलं नाही. सध्या दोन्हींना कळ्या आहेत, म्हणून वेळेवर विचारते.

फुलमळा_यवत

सई, बी धरतं आणि चांगलं धरतं. आमच्याकडे सासूबाईंच्या आधीपासून शेवंती आहे आणि बियांची रोपं मी हौसेने दरवर्षी करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फूल नीट बघ. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो शेकडो बारक्या फुलांचा गुच्छ असतो. बाहेरची प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र मादीफूल. मधल्या तबकडीतली नळीसारखी फुलं द्विलिंगी, पराग फक्त तिथे. तुझी जांभळी गच्च भरलेली, म्हणजे जवळपास सगळी मादीफुलंच. पराग दिसणार कुठून? तेव्हा जांभळी आई, पिवळी बाप. हे उलटं करायच्या फंदात पडू नकोस. पिवळीला आई केलंस तर तिच्या तबकडीतली फुलं चिमट्याने एकेक काढावी लागतील, आणि जांभळीचा पराग मिळायला हंगामाच्या शेवटी येणाऱ्या बारक्या बगलफुलांची वाट बघावी लागेल. त्यांत कधी कधी मधला डोळा उघडा पडतो.

जांभळीच्या बाहेरच्या दोन-तीन रांगा पूर्ण उमलल्या की बारीक कात्रीने पाकळ्या कापायच्या. मुळापासून नाही, बुडाशी अर्धा सेंटीमीटर ठेवून. कापल्यावर खालच्या आखूड नळीतून स्त्रीकेसर वर येतो. सुरुवातीला त्याचं टोक मिटलेलं, सुईसारखं सरळ असतं. एक-दोन दिवसांत ते सापाच्या जिभेसारखं दुभागतं आणि दोन्ही टोकं बाहेर वळतात. ती वळली, आतली बाजू ओलसर चमकायला लागली, की परागाला तयार. मिटलेल्यावर कितीही पराग लावला तरी उपयोग नाही. भिंग असेल तर घे, नसेल तर उन्हाकडे तिरकं धरून बघ, दिसतं. फूल बाहेरून आत उमलत जातं, म्हणून आज बाहेरची रांग तयार, परवा तिच्या आतली. एकाच फुलावर दोन-तीनदा पराग लावावा लागतो.

पराग सकाळी, दव सुकल्यावर, दहा ते बाराच्या दरम्यान. पिवळीच्या तबकडीत त्या दिवशी जी रांग उघडली असेल तिच्यावर पिवळी भुकटी दिसेल. रंगकामाचा बारीक ब्रश तिच्यावरून फिरवायचा आणि थेट जांभळीवर टेकवायचा. शिळा पराग वापरू नकोस. ब्रश एका बापाला एकच.

फुलावर पिशवी हवीच. लग्नात बदाम-खारका देतात त्या जाळीच्या पोटल्या उत्तम. शेवंतीचा पराग चिकट असतो, वाऱ्याने फारसा जात नाही, तो माश्या नेतात. म्हणून बारीक जाळी पुरते आणि आत घाम धरत नाही. पाकळ्या कापायच्या आधीपासून ती घालायची, पाकळ्या कापण्यापुरती आणि पराग लावण्यापुरती उघडायची, पुन्हा बांधायची. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग गुणिलेची फुली, मग बापाचं नाव आणि तारीख. शिसपेन्सिलने लिही, पेनाची शाई उन्हात महिनाभरात उडते.

आता आजवर बी का दिसलं नाही ते. शेवंती स्वतःचा पराग स्वतःला लागू देत नाही. आणि काश्यांवर वाढवलेली सगळी झाडं मुळात एकच झाड. गावातल्या सगळ्या वाफ्यांत एकच वाण असेल तर बी धरणार कसं? तुझ्याकडे दोन वेगळी झाडं आहेत, एवढंच पुरेसं आहे. स्वतःचाच पराग लागेल ही भीती यात जवळपास नाही, काळजी फक्त परक्या परागाची.

पराग लावल्यापासून सहा ते आठ आठवडे थांब. कुंडीला पाणी कमी कर, पण झाड सुकू देऊ नकोस. बोंड तपकिरी होऊन कोरडं झालं की पांढऱ्या कागदावर चोळ. भरलेलं बी गडद आणि टणक, फोल बी फिकट आणि चपटं. हळू फुंकर मारली की फोल उडतं. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी हवा कोरडी असते म्हणून बोंड कुजत नाही. थंड, पावसाळी देशांत याचसाठी काचघर लागतं. आपल्याला ही सोय फुकट मिळालेली आहे आणि तरी आपल्याकडे बी करणारे इतके कमी, याचं मला वाईट वाटतं.

फेब्रुवारीत ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत घालून पेर. वर मातीचा नुसता भुरका. आठवड्याभरात रुजतात. चार-सहा पानं आली की लहान कुंडीत, आणि मार्च ते मे शेडनेटखाली. मध्येच कळी आली तर खुडून टाक. शेवंती दिवस लहान असला की कळी धरते, आणि पुण्या-नाशिककडे जूनमध्येही दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो, त्यामुळे पोरसवदा रोप घाईने कळी धरू शकतं. शेंडा एकदा खुडला की फुटवे येतात. फुलं त्याच वर्षी, दिवाळीच्या आगेमागे.

प्रयोगशाळा_ते_कुंडी

काकूंनी पद्धत इतकी नेमकी सांगितली आहे की त्यात मी काही घालणार नाही. मी ऊतीसंवर्धनात काम करतो, म्हणून आनुवंशिकतेबद्दल थोडं, कारण पहिल्या वर्षीची रोपं बघून लोक चक्रावतात.

माणसात गुणसूत्रांचे दोन संच. बागेतल्या शेवंतीत साधारण सहा, प्रत्येकी 9, म्हणजे 54, आणि वाणागणिक त्यातही थोडं कमीजास्त. त्यामुळे एकाच बोंडातल्या दोन बियांची झाडं एकमेकींची ओळख सांगत नाहीत. हे तोट्याचं वाटतं, पण संकर करणाऱ्याला हवं तेच आहे. एकदा मनासारखं झाड सापडलं की काश्यांवर ते जसंच्या तसं वाढतं, बियांतून गुण स्थिर करत बसायची गरजच नाही. भाताचं किंवा वांग्याचं वाण करणाऱ्यांना ही सवलत नाही.

रंगाचं सांगतो. पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा, जांभळा-गुलाबी अँथोसायनिनचा. पांढऱ्या शेवंतीत पिवळं द्रव्य तयार होतं, पण पाकळीतलं एक विकर (एन्झाइम) ते मोडून टाकतं. म्हणून पांढऱ्या आणि पिवळ्याच्या संकरात पांढऱ्याचं पारडं जड राहतं. स्वच्छ जांभळ्या फुलातही बहुधा हेच विकर काम करत असतं, नाहीतर त्यात पिवळं मिसळून ते तांबूस दिसलं असतं. तेव्हा सईताई, तुमच्या रोपांत गुलाबी आणि फिकट रंग भरपूर येतील, काही तांबूस-विटकरी. शुद्ध पिवळं कमी. तांबूस आलेल्यांकडे खास लक्ष ठेवा, त्यांत दोन्हीकडचं रंगद्रव्य शाबूत आहे.

निळ्याची वाट मात्र बघू नका, शेवंतीत तो संकराने येत नाही. 2017 साली जपानी संशोधकांनी निळी शेवंती दाखवली, ती जनुक घालून. त्यातलं एक जनुक आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचं होतं! मला अजूनही ते वाचलेलं आठवलं की आनंद होतो.

आणि संकर हाच एक रस्ता नाही. एकाच फांदीवर अचानक वेगळ्या रंगाचं फूल आलं तर ती फांदी खूण करून ठेवा आणि तिचंच छाटकलम करा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा अनमोल' हे 'अजय' या वाणावर गॅमा किरण सोडून मिळवलेलं आहे. किरण आपल्या हातात नाहीत, पण निसर्गात होणारा बदल टिपणं आहे.

गजरा_दादर

मी फूलबाजारात माल घेतो. विकायचा विचार असेल तर एवढंच सांगतो. सुट्टं फूल पाण्यात ठेवून पारखू नका. बाजारात त्याला पाणी मिळतच नाही. संध्याकाळी तोडा, पिशवीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी ओतून बघा. पाकळी डागली, देठाशी ढिली झाली, तर वाण गच्चीपुरतं. आणि दसऱ्याआधी फुलणारं मिळालं तर ते सोडू नका. बहुतेक माल दिवाळीनंतर उतरतो आणि तेव्हा भाव पडतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना पुन्हा उठतो, मध्ये शेतकरी मरतो.

सई_नाशिक

काकू, किती मोठा आधार दिलात. आज सकाळीच भिंग घेऊन बसले आणि पिवळीची परागाची रांग पहिल्यांदा नीट दिसली.

दोन शंका. गच्चीवर फार तर पन्नास-साठ कुंड्या मावतील. तेवढ्यात वासाचं एखादं तरी मिळेल का? आणि चांगलं निघालं तर त्याची नोंद करता येते का? नर्सरीतल्या जांभळीवर कोणाचा हक्क असेल तर मी गोत्यात येईन का?

प्रयोगशाळा_ते_कुंडी

हक्काचं मी सांगतो. आपल्याकडे 2001 चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, आणि शेवंती त्याखाली नोंदवता येते. नोंदणी झालेलं वाणसुद्धा नवीन वाण तयार करायला पालक म्हणून वापरायची कायद्यात मुभा आहे. दरवेळी तोच पालक वापरून विक्रीचा माल करायचा असेल तरच परवानगी लागते. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही, पुढची वाढ काश्यांवर होणार. फक्त मूळ जांभळीची कलमं करून विकू नका.

नोंद करायला वाण इतरांपेक्षा वेगळं, सगळी झाडं एकसारखी आणि पिढ्यांमागून तसंच राहणारं हवं. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क माफ आहे. संरक्षण 15 वर्षांचं. दरवर्षीचे फोटो, तारखा आणि आई-बापाची नोंद आजपासून एका वहीत ठेवा, पुढे तीच कामाला येते. पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे, तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलून घ्या.

फुलमळा_यवत

पन्नासांत एखादं मिळू शकतं, पण तिन्ही गुण एकाच झाडात पहिल्याच फेरीत मागू नकोस. वास पहिल्या फेरीत पकड. वासासाठी फुलाची वाट बघायची गरज नाही. रोपाला आठ-दहा पानं आली की खालचं एक पान चुरगळून बघ. पानालाच वास नसेल त्या रोपाच्या फुलाकडून मी तरी आशा धरत नाही. अशी रोपं मे महिन्यातच काढलीस तर कुंड्या मोकळ्या होतात आणि तेवढ्यात आणखी बी लावता येतं.

जी वासाची निघतील, पण फूल एकेरी असेल, ती टाकू नकोस. त्यातली सगळ्यात दणकट पुढच्या वर्षी पुन्हा जांभळीवर बाप म्हणून वापर. तबकडी उघडी असली की पराग आयता मिळतो. आपलं खरं काम या दुसऱ्या फेरीत होतं. माझ्याकडे आज उभं असलेलं सगळ्यात चांगलं फिकट गुलाबी झाड असंच आलेलं आहे, आणि त्याचा बाप बघणाऱ्याने उकिरड्यावर टाकला असता असा किरकोळ होता.

पावसाळ्यात रोपांना फार जपू नकोस. कुंडीला निचरा चांगला ठेव, पण छपराखाली ओढू नकोस. जुलै-ऑगस्टच्या झडीत ज्यांची खालची पानं काळी पडून वरपर्यंत चढतात, मूळ सडतं, त्यांना औषध मारून वाचवायचं नाही. वाचवलंस तर ते झाड घेणाऱ्याला दरवर्षी फवारत बसावं लागेल. सध्या बाजारात पौर्णिमा, भाग्यश्री, ऐश्वर्या या वाणांचंच राज्य आहे, आणि त्यामुळे आजोळच्या पिवळीसारख्या शेवंत्या बांधांवरून निघून गेल्या. पाऊस सोसायची ताकद त्यांच्यात होती. तुझ्या रोपांत ती उतरली का, हे मला वासाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या वर्षीचं फूल बघून कोणाला काश्या वाटू नकोस, कितीही मागितल्या तरी. फुलं संपली की झाड जमिनीपासून चार बोटांवर छाट, बुडातून काश्या फुटतील. त्या एप्रिलमध्ये निदान सहा कुंड्यांत लाव आणि पुढच्या हंगामात सहाही झाडं एकाच सुमारास, सारख्याच रंगाची आणि सारख्याच भराची फुलतात का बघ. मूळ झाड त्या वेळी वेगळ्या कोपऱ्यात ठेव. माव्याने वाकडी झालेली, पानं बारीक आणि झाड खुजं राहिलेलं, अशा झाडाच्या काश्या घ्यायच्या नाहीत. तो रोग काश्यांबरोबर जातो आणि मग वाणच बदनाम होतं.