तिकिटावर "३ १/८" कशाला? फिलिपिन्सच्या जुन्या टपाल दराचा घोळ

आर्णीचा_मास्तर
नमस्कार मंडळी. आर्णीजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेत सातवीला गणित शिकवतो. माझे मामा जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत तिकिटांची वही सापडली. एका तिकिटावर राणीचा चेहरा, पिवळट कागदावर काळी छपाई, अन् किंमत "३ १/८". बाजूच्या हिरव्यावर "६ २/८". खाली मामांच्या अक्षरात "फिलिपिन्स १८६४".

वर्गात दाखवलं तर एक पोरगी म्हणते, सर, २/८ म्हणजे १/४ ना? आम्ही संक्षिप्त रूप दिलं नाही तर तुम्ही अर्धा मार्क कापता, यांचा कोण कापणार? मला उत्तर सुचलं नाही. अष्टमांश सेंट कोण खिशात घेऊन फिरत होतं?

निवृत्त_बीपीएम_दारव्हा
मास्तर, पोरीला शाबासकी द्या. छापणाऱ्यालाही पास करा.

मी एकतीस वर्षं खेड्यातलं शाखा डाकघर चालवलं. नाद तिथेच लागला. फिलिपिन्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. तिथं मनिलात पहिली तिकिटं १ फेब्रुवारी १८५४ ला निघाली: ५ क्वार्तो, १० क्वार्तो, १ रियाल, २ रियाल. बेटांच्या आतल्या आत जाणारं अर्ध्या औंसाचं पत्र ५ क्वार्तो, औंसापर्यंत १०. वीस क्वार्तोचा रियाल, आठ रियालचा पेसो. म्हणजे पेसोचे १६० क्वार्तो, आणि ५ क्वार्तो म्हणजे पेसोचा बत्तिसावा भाग. १८६४ च्या तिकिटांवर किंमत पेसोच्या शंभर सेंटिमोत आली. आता शंभराला बत्तीसने भागा. तीन पूर्णांक एक अष्टमांश आले की नाही? दर तोच ठेवला, मोजायची भाषा बदलली, आणि फळ्यावरचा भागाकार तसाच्या तसा तिकिटावर उमटला. ६ २/८ म्हणजे जुने १० क्वार्तो, १२ ४/८ म्हणजे एक रियाल. सगळीकडे छेद आठच ठेवला, मला तर ते बेरजेच्या सोयीसाठी वाटते.

गंमत पुढेच आहे जी. आपला अर्धा आणा रुपयाचा कितवा भाग? बत्तिसावाच. आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. वर्षही तेच! फक्त चांदीचा पेसो वजनदार, सत्तावीस ग्रॅमच्या आसपास. आपला रुपया एक तोळा, ११.६६ ग्रॅम. चांदी मोजली तर त्यांचं पत्र दुपटीहून महाग. पण वजनाची सवलत पाहा. त्यांचा अर्धा औंस चौदा ग्रॅमच्या वर, आपला पाव तोळा तीन ग्रॅमही नाही. आजचा झेरॉक्सचा एक कागद पाच ग्रॅम भरते.

१ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले तेव्हा आपल्याकडेही तेच त्रांगडं. अर्धा आणा म्हणजे ३ १/८ नये पैसे. आपल्या सरकारने अष्टमांशाला चाट मारली, तक्त्यात सरळ ३. एका आण्याचे ६, दोनाचे १२, तिनाचे १९, चाराचे २५. माझे वडील तेव्हा जिनिंगवर हिशेब लिहायचे. सुटा आणा आणा चार वेळा दिला तर चोवीस पैसे, पावली एकदम दिली तर पंचवीस, म्हणून कापूस वेचणाऱ्या बाया मजुरी थांबवून ठेवायच्या, चार आणे झाले की मगच मागायच्या. वडील म्हणायचे, त्या एका पैशाने मला भागाकार शिकवला.

बाकी दरवाढीचं दुखणं आम्हाला वेगळंच. दर वाढला की लोक घरातलं जुनं पाकीट तसंच पेटीत टाकायचे. पत्र बैरंग, कमी पडलेल्याचे दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल. एका आजीच्या पोराचं पत्र असं तीनदा आलं. तिसऱ्यांदा मीच भरले.

अचलपूरचा_संग्राहक
काका, क्या बात है. भर घालतो. १८५४ च्या छपाईत चाळीस तिकिटं एकेक करून हाताने कोरली होती, त्यात १ रियालच्या एका तिकिटावर "कोरेओस" मधलं एक अक्षर राहून "कोरोस" झालं. ते सापडलं तर मास्तर, वही तिजोरीत ठेवा.

फिलिपिन्सचं मोजमाप पुढेही कुठं थांबलं? १८७० ला एस्कुदो, १८७२ ला पेसेता (दोन्ही स्पेनची नाणी), १८७८ ला पेसोचे हजारावे भाग, आणि १८८० नंतर स्पेनचा राजा आल्फोन्सो याच्या तिकिटांवर परत २ ४/८ आणि ६ २/८! स्पेनच्याच ताब्यातल्या क्युबाचंही ऐका. तिथं १८५५ ची तिकिटं अर्धा, एक आणि दोन रियालची. हवानाच्या शहरातल्या शहरात जाणाऱ्या पत्राला पाव रियाल लागायचा, आणि तेवढ्याचं तिकीटच नाही. मग २ रियालच्याच तिकिटावर "Y १/४" असा शिक्का मारून भागवलं.

आर्णीचा_मास्तर
काका, उद्या सातवीला हेच. पाव तोळ्यात किती ओळी मावतात ते पोरांकडून लिहवून घेतो. किराणा दुकानातून काटा मागितला आहे.

निवृत्त_बीपीएम_दारव्हा
सोनाराचा आणा जी. किराण्याच्या काट्याला तीन ग्रॅम कळत नाही.