काचेच्या नळीत रक्त पटकन गोठतं, साध्या प्लॅस्टिकमध्ये रेंगाळतं, असं का?

तासगावची_टेक्निशियन
नमस्कार मंडळी. डीएमएलटी करून एका छोट्या लॅबमध्ये काम करते. परवा एका कलेक्शन सेंटरवरून साध्या प्लॅस्टिक ट्यूबमध्ये सॅम्पल आलं, आत काहीच घातलेलं नाही. बराच वेळ ठेवलं तरी धड गोठेना; सेंट्रिफ्यूज केल्यावर सीरममध्ये फायब्रिनचे तंतू तरंगत होते. आमच्या कपाटात जुन्या काचेच्या टेस्ट ट्यूब आहेत, त्यात रक्त दहा-बारा मिनिटांत गोठतं. सर म्हणतात, "काच खरखरीत असते ना!" मला तर काच गुळगुळीतच लागते हाताला. खरं कारण काय?

वाट्टेल_ते
लाल झाकणाची ट्यूब वापरा. त्यात क्लॉट ॲक्टिव्हेटर असतो. रक्त घेतल्यावर पाच-सहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, खळखळवायची नाही. विषय संपला.

पृष्ठभागवाला
विषय आत्ता सुरू होतोय. माझी सगळी पीएचडी प्रथिनं काचेला कशी चिकटतात हे बघण्यात गेली, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तो ॲक्टिव्हेटर म्हणजे बहुतेक वेळा सिलिकाची बारीक भुकटी, आणि काच बनते मुख्यतः सिलिकाचीच. म्हणजे काच फुटते म्हणून प्लॅस्टिक आणलं आणि मग त्याला आतून काचेचाच मसाला फासला! भुकटीमुळे क्षेत्रफळ वाढतं हे खरं, पण मुद्दा खरखरीतपणाचा नाही, विद्युतभाराचा आहे.

रक्ताच्या पीएचला काचेचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. फॅक्टर १२ हे गोठण्याच्या साखळीतलं रक्तातलं एक प्रथिन; ते एरवी मिटलेल्या अवस्थेत फिरतो. काचेवर बसला की त्याची घडी उलगडते आणि जिथे त्याला चिरता येतं ती जागा उघडी पडते. चिरला गेला की तो स्वतः एन्झाइम होतो, मग फॅक्टर ११, फॅक्टर ९ अशी पुढची साखळी. तुमच्या एपीटीटीच्या (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणारी चाचणी) रिएजंटची माहितीपत्रिका वाचा: केओलिन नावाची माती, सिलिका नाहीतर इलॅजिक ॲसिड. तिथेही युक्ती हीच, ऋणभार पुरवायचा.

आता घडी इतक्या सहज का मोडते? कारण प्रथिनाचा आकार आपल्याला वाटतो तेवढा भक्कम नसतो. घडी घातलेली आणि उलगडलेली अवस्था यांत ऊर्जेचा फरक साधारण २० ते ६० किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे मोजक्या हायड्रोजन बंधांएवढा. तेवढी भरपाई पृष्ठभाग आरामात करतो. अर्थात प्रथिनाप्रथिनांत फरक आहे. लायसोझाइम छोटं, १२९ अमिनो आम्लांचं, चार डायसल्फाइड बंधांनी आवळलेलं. ते फारसं बदलत नाही. अल्ब्युमिन मऊ, लगेच पसरतं.

प्लॅस्टिकची गोष्ट वेगळी. त्यावर काचेसारखा ऋणभार फारसा नसतो, म्हणून ही साखळी रेंगाळते. शिवाय बहुतेक प्लॅस्टिक पाण्याला फारसं जवळ करत नाही. त्यावर प्रथिनाचा आत दडलेला तेलकट भाग बाहेर येऊन चिकटतो, अडकलेले पाण्याचे रेणू सुटतात आणि एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूंची मोकळीक, वाढते. फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिनचे तंतू बनतात ते प्रथिन) असं चिकटलं की त्याच्या दडलेल्या जागा उघड्या होतात. रक्तात तरंगणाऱ्या फायब्रिनोजेनकडे शांत प्लेटलेट ढुंकूनही बघत नाहीत, पण पृष्ठभागावर बसलेल्याला लगेच धरतात. रेणू तोच, आकार तेवढा बदललेला. डायलिसिसला हेपरिन हे गोठण रोखणारं औषध द्यावं लागतं त्यामागे हेही एक कारण.

शिवाय बसलेलं प्रथिन कायमचं बसत नाही. अल्ब्युमिन लहान आणि भरपूर, ते एसटीत रुमाल टाकणाऱ्यासारखं आधी जागा धरतं. मागून फायब्रिनोजेन येऊन त्याला उठवतं, काचेवर फायब्रिनोजेनलाही किनिनोजेन नावाचं रक्तातलं आणखी एक प्रथिन उठवतं. जो बराच वेळ बसून ऐसपैस पसरला, तो मात्र हटत नाही. आणि हे किनिनोजेन एकटं येत नाही, साखळीतली प्रीकॅलिक्रीन आणि फॅक्टर ११ ही प्रथिनं सोबत घेऊन येतं. म्हणून काचेवर सगळं साहित्य एका जागी जमतं. प्रथिनांच्या या उठवाउठवीला व्रोमन परिणाम म्हणतात. लिओ व्रोमन मूळचे डच, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत होते, नंतर अमेरिकेत रक्तावर संशोधन केलं, आणि डच भाषेतले नावाजलेले कवीही होते. आमच्या विभागात कवी म्हणजे सेमिनार चुकवणारा.

तासगावची_टेक्निशियन
बापरे, पण कळलं! मग एखाद्याच्या रक्तात फॅक्टर १२ नसेलच तर? जखम झाली की रक्त थांबणारच नाही?

पृष्ठभागवाला
थांबतं! १९५५ साली रक्तावर संशोधन करणारे डॉक्टर रॅटनॉफ यांनी जॉन हेजमन नावाच्या अमेरिकन रेल्वे कामगाराची नोंद प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठायचं नावच घेईना, पण त्याला रक्तस्रावाचा त्रास कधी झालेला नव्हता. म्हणून फॅक्टर १२ ला हेजमन फॅक्टर असंही म्हणतात. उलट १९६८ मध्ये तो गेला तो फुप्फुसात गुठळी अडकून. जखमेच्या वेळी सुरुवात टिश्यू फॅक्टर, म्हणजे ऊतींमधलं एक प्रथिन, करतो, तिथे काच कुठून येणार? तेव्हा एपीटीटी खूप लांबलेला आणि पेशंट ठणठणीत असा रिपोर्ट दिसला, तर हेही डोक्यात असू द्या.

वाट्टेल_ते
बरं, विषय संपला नव्हता. मग निळ्या झाकणाची सायट्रेटची ट्यूब काचेची चालते का?

पृष्ठभागवाला
आतून सिलिकॉनचा थर दिलेली असेल तर चालते. साधी काच नको. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट गोठायला लागणारं कॅल्शियम बांधून ठेवतं, पण फॅक्टर १२ ला काचेवर उलगडायला कॅल्शियम लागतच नाही. सॅम्पल दिसायला पातळ राहील आणि आतून साखळी सुरू झालेली असेल.