सारांशावर भागत नाही
‘नववीच्या मुलांना जुनी नाटकं झेपत नाहीत, सारांश द्या आणि पुढे चला’ असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटलं. ठाण्यात, नौपाड्यात शिकवणी घेते. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकातली, सीझरच्या खुनानंतरची फक्त दोन भाषणं घेतली. खून करणाऱ्यांतला ब्रूटस गद्यात बोलतो, कारणं देतो. सीझरचा मित्र अँटनी पद्यात बोलतो आणि सीझरचा भोसकलेला झगा दाखवतो. ‘ब्रूटस सन्माननीय माणूस आहे’ हे अँटनीचं पालुपद दरवेळी जास्त बोचतं, ते मोठ्याने वाचल्यावरच मुलांना कळलं. मग सोसायटीतल्या क्रिकेटबंदीवर तसंच भाषण लिहायला दिलं. एका पठ्ठ्याने लिहिलं, ‘आमचे सेक्रेटरीकाका फार प्रेमळ आहेत.’ चार वेळा. चौथ्यांदा वाचलं तेव्हा हसून हसून पोरं बाकावर आडवी.